कुणाकडून ऐकलंत?

शनिवारी शाळा लवकर सुटायची. मुली पांगल्या की मालती कासेगावकर घरी येऊन दोन घास खायची, छत्री उचलायची आणि वाचनालयाची वाट धरायची. सोलापुरात त्या काळी तेविशीची मुलगी बिनलग्नाची असणं, शाळेत शिकवणं आणि वर एकटीनं वाचनालयात जाणं... लोकांना बोलायला यातलं एकही पुरलं असतं. मालतीजवळ तर तिन्ही होतं. सुरुवातीला तिला त्याचं वाईट वाटे. आता सवय झाली होती.

त्या दिवशी पौषातलं ऊन अंगाला बरं वाटत होतं. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता आणि तेलुगूत बोलत, हसत चाललेल्या बायकांच्या घोळक्यातून वाट काढत ती वाचनालयाच्या पायऱ्या चढली. पुस्तकं देणारे रावजी टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "मालतीबाई, आज तुमच्या जागेसमोर एक पाहुणे बसलेत. पुण्याचे. कासेगावकरांना भेटायचंय म्हणतात."

"नानांना?" मालतीचे वडील, वासुदेवराव, वकील होते. त्यांच्याकडे कुठून कुठून माणसं येत.

"वकीलसाहेबांना न्हाई. मा. वा. कासेगावकरांना. मासिकात ज्यांचा लेख आलाय, ते. मी म्हटलं, बसा की, शनिवारी येतात."

"मग मीच ती, हे नाही सांगितलंत?"

"त्यांनी कुठं इचारलं?" रावजींनी एका पुस्तकावर शांतपणे शिक्का मारला.

हसू ओठात दाबून मालती आत गेली. लांब टेबलाशी एक तरुण बसला होता. सडपातळ, चष्मा लावलेला, बोटाला शाई. टोपी काढून बाजूला ठेवलेली. समोर मासिकाचा बांधीव खंड, आणि त्यातून कागदाच्या पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. ती येताच त्यानं अर्धवट उठून आपला पसारा आवरला, तिला जागा करून दिली... आणि परत दाराकडे डोळे लावून बसला.

दार करकरलं की तो सावरून बसे. एक पेन्शनर आत आले. हा उठायला गेला. ते वर्तमानपत्राकडे वळले तसा पुन्हा खाली टेकला. मालतीनं पुस्तक उघडलं होतं खरं, पण पान काही उलटत नव्हतं.

"माफ करा," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला. "आपण इथं नेहमी येता का?"

"येते."

"मग मा. वा. कासेगावकर आपल्या पाहण्यात असतील."

"आहेत की."

"कसे आहेत? म्हणजे— स्वभावानं?"

मालतीनं जरा विचार केल्यासारखं केलं. "घरची माणसं म्हणतात, हट्टी आहेत."

"लेखावरून वाटतंच ते." त्यानं मान डोलावली. "वय काय असेल? साठीच्या पुढे?"

"ते कशावरून?"

"भाषा कशी ठसठशीत आहे. आणि एक जुनी खोड आहे त्यांना— कुणाकडून ऐकलं, ते सांगायचं नाही." त्यानं खंड तिच्याकडे फिरवला आणि शाईच्या बोटानं एक ओळ दाखवली. "हे बघा. 'एका वृद्ध मेंढपाळ स्त्रीकडून ऐकलेल्या ओव्या.' झालं, संपलं. कोण ही बाई? कुठल्या गावची? तिला कुणी शिकवल्या? इतक्या सुंदर ओव्या जमवल्या आहेत यांनी, आणि मी खाली आधार म्हणून काय लिहायचं? 'एक वृद्ध स्त्री'?"

इथवर मालतीला मौज वाटत होती. आता मात्र तिचे कान गरम झाले. राग आला होताच. पण रागापेक्षा जास्त झोंबलं ते त्याचं बरोबर असणं. त्या लेखात जिथं जिथं छापील पुस्तकातलं काही घेतलं होतं, तिथं तिथं तिनं पुस्तकाचं नाव, पान, सगळं नेमकं दिलं होतं. आणि जिनं लहानपणापासून हिवाळ्यामागून हिवाळे तिला समोर बसवून गाणी ऐकवली, तिच्या वाट्याला नुसतं 'एका'.

"एवढी चौकशी कशासाठी?" तिनं विचारलं.

"प्रबंध लिहितोय. भीमाकाठचे मेंढपाळ आणि त्यांचा लोकरीचा व्यापार. मुंबई विद्यापीठाला मार्चअखेर द्यायचा आहे. तो वेळेत गेला तर पुण्याला कॉलेजात जागा आहे माझ्यासाठी." त्यानं चष्मा सारखा केला. "यातलं एक अख्खं प्रकरण या एका ओवीवर उभं आहे. ऐका—

भीमेच्या उतारावं बादशाचा पहारा,
मेंढरामागं मागतो लोकरीचा भारा."

त्यानं ती कोर्टातलं समन्स वाचावं तशी वाचली. मालतीला राहवलं नाही. "तशी नाही म्हणायची ती. 'पहारा'वर जरा थांबायचं असतं... मेंढरं थांबतात ना उतारावर, तसं." आणि तिनं ओठातल्या ओठात ती ओवी गुणगुणून दाखवली.

पलीकडून रावजी खाकरले. भिंतीवरच्या पाटीवर 'बोलू नये' एवढंच लिहिलं होतं. गाऊ नये असं लिहायची वेळ आजवर आली नव्हती.

तो तिच्याकडे बघतच राहिला. एकदा खंडाकडे, एकदा तिच्याकडे.

"मा.— म्हणजे मालती?" रावजींनी तिला दारात 'मालतीबाई' म्हणून हाक मारलेली, तेवढी मघाशी त्याच्या कानावर पडली असावी.

"आणि वा. म्हणजे वासुदेव. माझे वडील."

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "मी साठीच्या पुढे म्हणालो..."

"आणि हट्टी मी म्हणाले. फिट्टंफाट झाली." मालतीनं पुस्तक मिटलं. "बाईंचं नाव म्हाळसाबाई. गाव माळशिरसकडचं. दर पौषात त्यांची मेंढरं आमच्या बाळे गावच्या शेतात बसतात, खतासाठी. उद्या आम्ही हुरड्याला जाणार आहोत. कागदावर नाव लिहिण्याआधी एकदा भेटून तरी घ्या."

"वेणीमाधव वेळापूरकर," तो घाईघाईनं म्हणाला. आणि मग, "म्हणजे— माझं नाव."

परक्या तरुणाबरोबर मुलीला एकटीला धाडणं शक्यच नव्हतं. वासुदेवरावांना कागदपत्रांतून सवड नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी छकड्यात मालतीची आई, गोदावरीबाई, मधोमध बसल्या आणि वेस ओलांडायच्या आत त्यांनी उलटतपासणी सुरू केली. वकिलाच्या घरात इतकी वर्षं काढली होती त्यांनी.

"वेळापूरकर म्हणजे वेळापूरचेच का?"

"आजोबा तिथले. मी पुण्याला काकांकडे वाढलो."

"गोत्र कुठलं?"

"आई," मालती म्हणाली, "ते ओव्यांसाठी आलेत."

"मग? ते तरी दुसरं काय विचारायला आलेत? ओवी कुठली, कुणाच्या घरची... तेच ना?"

वेणीमाधव मोकळेपणानं हसला. मालतीला ते हसणं आवडलं आणि आवडल्याचं कळताच ती बाहेर बघायला लागली. "काश्यप," तो म्हणाला.

"आपलं भारद्वाज," गोदावरीबाईंनी बैलांना सांगितल्यासारखं सांगितलं.

शेतात ज्वारी छातीपर्यंत आली होती. आगटीत कणसं भाजली जात होती आणि धुराला दुधाळ गोडसर वास होता. वेणीमाधवनं तळहातावर कणीस चोळायला घेतलं आणि बोटं पोळून घेतली. मालतीनं काही न बोलता कणीस त्याच्या हातातून काढून घेतलं, चोळलं, फुंकर घालून भुसा उडवला आणि हिरवे कोवळे दाणे त्याच्या ओंजळीत ओतले. वर शेंगांची चटणी. तो खाताना काहीतरी म्हणणार होता. पण चटणी तिखट होती, नुसतंच डोळ्यांत पाणी आलं.

पलीकडच्या मोकळ्या तुकड्यात मेंढरं दाटीनं बसली होती. बांधावर म्हाळसाबाई उभ्या होत्या. उंच, वाळलेल्या, हातातल्या चातीवर लोकर कातत. बोलताना, चालताना, हसताना त्यांची चाती फिरतच असे.

"माले, आलीस व्हय? आन् ह्यो कोन? जावई?"

"पुण्याचे पाहुणे आहेत," गोदावरीबाई चटकन म्हणाल्या. "तुझी गाणी ऐकायला आलेत."

"ऐकू द्या की. गान्याला काय पैकं पडत्यात?"

म्हाळसाबाई बांधावर बसल्या आणि गायला लागल्या. आवाज चिरका होता, पण लांबवर जाणारा. माळावर हाक मारायची सवय असलेला. एक ओवी झाली की वेणीमाधव विचारी, "ही कुणाकडून आली तुमच्याकडे?" त्या सांगत. ही सासूची. ही आईच्या आत्याची, अक्कलकोटाच्या पलीकडं दिलेली, नागव्वा तिचं नाव. तिच्या ओव्यांत निम्मं कानडीच. आणि तो प्रत्येक नाव विचारून विचारून लिहून घेत होता. नागव्वा बाई कुठल्या गावी होत्या? तुम्ही तिथं केव्हा राहिलात? असं विचारताना त्याच्या आवाजात पुण्याचा तोरा नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची चौकशी करावी तसं तो विचारत होता. मालती त्याच्याकडे पाहत होती. त्याचं लक्ष नाही, म्हणून जरा जास्तच वेळ पाहत होती.

मग म्हाळसाबाईंनी ती ओवी म्हटली. 'पहारा'वर थांबल्या, मग पुढे.

"आणि ही?" वेणीमाधव पुढे सरकला. "ही कुणाची?"

म्हाळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या. "ही व्हय? ही माजी."

"म्हणजे तुमच्या घराण्यातली?"

"न्हाय वं. माजीच. म्या जुळवली."

पेन्सिल थांबली.

"आमी भीमा उतरत हुतो," म्हाळसाबाई सांगू लागल्या. "मालक तवा जिता हुता. उतारावं फौजदार हुबा. म्होरं जाऊ दीना. म्हनला, मेंढरामागं लोकर टाका, मग जावा. समदी कातायची लोकर उचलून न्हेली मेल्यानं. त्या साली थंडी लई. पोरांच्या अंगावं घालाय घोंगडं न्हाय ऱ्हायलं. मग चालता चालता आपसूक आली ही तोंडात."

"पण मग... बादशा?" मालतीनं विचारलं.

"फौजदाराचं नाव घातलं आसतं तर धरून न्हेलं आसतं की मालकाला. म्हनून बादशा घातला. बादशा कशाला येतुया इचारायला?"

गोदावरीबाई खळखळून हसल्या. म्हाळसाबाईही. वेणीमाधवनं हळूच विचारलं, "याला किती काळ झाला असेल?"

"धाकला माजा कडंवर हुता. आता त्याची पोरं मेंढरं राखत्यात." चाती पुन्हा फिरू लागली. "घाला की माजं नाव तुमच्या कागदावं. आता काय भ्या हाय? त्यो फौजदार कवाच मेला."

परतताना छकड्यात गोदावरीबाईंना डुलकी लागली होती. मागे उन्हं कलत होती आणि वेणीमाधव त्या उन्हाकडे बघत बसला होता. ज्या ओवीवर त्यानं बादशाही अमलातला लोकरीचा कर उभा केला होता, त्या ओवीचं वय म्हाळसाबाईंच्या धाकट्या मुलाएवढंच होतं. आणि मालतीला आठवत होतं ते आपल्या लेखातलं एक वाक्य. 'ही ओवी किमान तीनशे वर्षांपूर्वीची असली पाहिजे.' 'असली पाहिजे' म्हणताना तिला केवढा आनंद झाला होता. संपादकांनी लेखाखाली टीप देऊन नेमकं तेच वाक्य वाखाणलं होतं आणि आणखी लेख मागितले होते.

वेसीशी उतरताना तो एवढंच म्हणाला, "शनिवारी याल ना?"

शनिवारी तो आधीच येऊन बसला होता. झोप झालेली दिसत नव्हती. त्यानं काही न बोलता ते प्रकरण तिच्यापुढे सरकवलं.

मालतीनं वाचलं. ओवी जागच्या जागी होती. बादशा होता, त्याचा करही होता. खाली बारीक अक्षरात आधार दिला होता— 'मेंढपाळ स्त्रियांत रूढ असलेली ओवी.' म्हाळसाबाईंचं नाव नव्हतं. कासेगावकरांचंही नव्हतं. तिनं पान उलटून पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि कागद उचलून ती सरळ व्हरांड्यात निघून गेली. तो मागोमाग आला.

"म्हाळसाबाई कुठं गेल्या?"

"त्यांचं नाव घातलं तर त्यांनी काय सांगितलं तेही घालावं लागेल."

"मग घाला."

"सगळं प्रकरण कोसळेल."

"कोसळू दे. पुन्हा लिहा."

"मार्चअखेरपर्यंत व्हायचं नाही ते."

कॉलेजातली जागा मालतीला आठवली. त्याचं तिथं किती अडकलं असेल, तिला काय माहीत. पण तो मान हलवत होता.

"जागेचं नाही, मालतीबाई. जागेचं मी कसंही निभावून नेईन. पण... खरं लिहायचं म्हणजे तुमचा लेख चुकला असं लिहावं लागेल. नावानिशी. तुमचा पहिलाच लेख, पुढचे मागितले गेलेत. पुण्यात माणसं कशी आहेत ते मला ठाऊक आहे. बाईमाणसाची एक चूक त्यांना जन्मभर पुरते. आणि ती चूक माझ्या हातानं..." तो थांबला. "नाही होत मला."

खाली रस्त्यावरून एक टांगा टपटपत गेला. वेणीमाधव काय म्हणाला होता, ते मालतीला कळलं होतं. शब्दांत होतं तेही आणि नव्हतं तेही. आत कुठंतरी ऊब पसरत चालली होती, आणि तरी तिला त्याचा मनस्वी राग आला होता.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत, कुणाकडून ऐकलं. मला राग आला होता तुमचा. आणि मग घरी जाताना..."

"घरी जाताना काय?"

"घरी जाताना वाटलं, असं विचारणारं माणूस आपल्याला आजवर भेटलं नव्हतं." तिनं कागद त्याच्यापुढे धरला. "हे त्या माणसानं लिहिलेलं नाही."

वेणीमाधवनं तो हातात घेतला.

"मी चुकले. पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं," मालती म्हणाली. "तुम्हाला आता ठाऊक आहे. माझ्यासाठी म्हणून तुम्ही खोटं लिहिलंत ना... तर तुमच्याकडे बघताना जन्मभर मला तेच दिसेल."

"जन्मभर?" त्यानं हळूच विचारलं.

आपण काय बोलून गेलो ते मालतीच्या आत्ता ध्यानात आलं. व्हरांड्यात सावली होती, तरी तिनं छत्री उघडली आणि खांद्यावर फिरवत उभी राहिली.

तो कठड्याशी गेला, कागद त्यावर ठेवला आणि खालची बारीक अक्षरातली ओळ खोडली. मग मान वर न करता विचारलं, "नाव कसं लिहू?"

"पूर्ण लिहा. कुमारी मालती वासुदेव कासेगावकर. कुणा बिचाऱ्या म्हाताऱ्यावर आळ नको यायला."

तो हसला. पण डोळे हसत नव्हते. संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला गेला.

त्याचं एक पत्र आलं, फाल्गुनात. प्रकरण मागे घेतलं आहे, गुरुजी नाराज आहेत, मार्चची वेळ साधणार नाही. खाली 'म्हाळसाबाईंना नमस्कार सांगावा' एवढंच. मालतीला नमस्कार वगैरे काही नव्हतं. ती ते वाक्य उगाचच बरेचदा वाचत राहिली.

तिनंही संपादकांना कळवून टाकलं, की ओवीच्या वयाबद्दल मी लिहिलं ते चूक होतं. गाणाऱ्या बाईंचं नाव अमुक, आणि ओवी त्यांचीच. त्यांनी ते छापलं. त्यानंतर तिनं पाठवलेला नवा लेख मात्र 'तूर्त जागा नाही' म्हणून परत आला. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "कुणी विचारलं होतं का तुला? मग कशाला उठून सांगायचं?" मालती नुसती हसली. लेखाचं तिला सोसलं. सोसत नव्हतं ते दुसरंच. पुण्याची जागा त्याच्या हातची गेली होती आणि ती जावी म्हणून आपणच हट्ट धरला होता... त्या व्हरांड्यात जरा नरमाईनं बोलता आलं नसतं का? शनिवार येत, जात. ती वाचनालयात जाई. रावजी पुस्तक देताना काही बोलत नसत, आणि त्यांचं न बोलणं तिला फार ऐकू येई. घरी गोदावरीबाईंनीही गोत्राचा विषय काढायचं सोडून दिलं.

वैशाखात, दुपारी, रस्ता तापून ओस पडला असताना तो दारात उभा राहिला. टोपी हातात, सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"नाना कोर्टात गेलेत," मालतीच्या तोंडून निघालं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मी बसतो."

गोदावरीबाईंनी बाहेर येऊन त्याला नीट पाहून घेतलं, "पन्हं करते," म्हणाल्या, आणि आत गेल्या. ओसरीवर दोघंच उरली. मालती खांबाला टेकून उभी राहिली.

"पुण्याची जागा..."

"दुसऱ्याला दिली. मार्चमध्येच."

"वाईट वाटत असेल."

"वाटलं. थोडे दिवस तुमचा रागही आला." तो सरळ तिच्याकडे बघत होता. "मग ते प्रकरण पुन्हा लिहायला बसलो. आधी मी विचारत होतो, बादशा काय घेत होता. आता म्हटलं, फौजदाराच्या जागी बादशा का घालावा लागतो माणसाला, ते बघू. मालतीबाई, इतकं जीव लावून मी आजवर काही लिहिलं नव्हतं. गुरुजींनी वाचलं. मग म्हणाले, हे आधीच का नाही लिहिलंत? प्रबंध दिवाळीपर्यंत पुरा होईल."

मालतीच्या छातीवरचा कितीतरी दिवसांचा दगड अलगद उतरला. डोळे भरून येतील असं वाटलं, म्हणून ती घाईनं म्हणाली, "आणि तोवर?"

"करमाळ्याला हायस्कुलात जागा मिळाली आहे. जूनपासून."

"करमाळ्याला..."

"पुण्याची मंडळी हसली. म्हणाली, तिथं तू काय करणार? कमळाभवानीचं देऊळ आहे, बाजार भरतो. मला गाव आवडलं. घरही बघून आलोय. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात लिंब."

"एकट्या माणसाला दोन खोल्या म्हणजे चैन झाली."

"एकट्यासाठी नाही पाहिलं."

स्वयंपाकघरात पन्हं ढवळण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

मालती खांबावरचा रंग नखानं खरवडू लागली. "नानांना विचारलंत?"

"संध्याकाळी ते आले की विचारणार आहे. पण आधी तुम्हाला." त्यानं टोपी बाजूला ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. "मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. पुण्याला जाताना गाडीत बसलो तेव्हाच हे पक्कं झालं होतं. पण तेव्हा हातात काही नव्हतं, आणि नुसतं पत्रात लिहायला धीर झाला नाही. मी... तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. पण विचारल्यावाचून राहवत नाही."

आतून काही आवाज नाही. बाहेर कुठंतरी हातमागाचा खटका पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता.

"तिथं मुलींची शाळा आहे?" मालतीनं विचारलं.

"आहे." त्याला प्रश्न नीटसा कळला नव्हता. "चौथीपर्यंत."

"पुढं?"

"पुढं मुली घरी बसतात."

"मग पाचवीचा वर्ग मला काढावा लागेल."

तो बघत राहिला. मग हळूहळू, उन्हं भिंतीवरून सरकत यावीत तसं, त्याच्या चेहऱ्यावर उजाडत आलं. "म्हणजे... हो?"

"म्हणजे जागेचं बघा. दोन खोल्यांत मुली मावायच्या नाहीत."

"अंगणात मावतील," तो म्हणाला. "पण तिथं लिंबाची सावली बारापर्यंतच असते."

"मग सकाळची भरवू."

"भरवू," वेणीमाधवनं तो शब्द एकदा स्वतःशीच म्हणून पाहिला. आत पन्हं ढवळायला पुन्हा सुरुवात झाली होती, आणि या खेपेला पेल्यांचा आवाज जरा जास्तच खणखणीत होता.